सिगालाच्या सहा दिशा आणि आपले घर



वर्षावासातील एका रविवारची गोष्ट. विहारात वंदना झाली, ग्रंथवाचन झाले, खीर वाटून झाली. मंडळी चपला शोधू लागली. तेवढ्यात आमच्याच वस्तीतील एक मुलगी वही घेऊन आमच्याजवळ आली. यंदा बारावी झालेली. वहीत तिने सामान्य ज्ञानाच्या पुस्तकातला एक तक्ता उतरवून घेतला होता. जगातील धर्म, त्यांचे संस्थापक आणि त्यांची मुख्य शिकवण. कन्फ्युशियसच्या पुढे लिहिले होते, वडीलधाऱ्यांचा मान. ताओच्या पुढे, निसर्गाप्रमाणे वागणे. शिंतोच्या पुढे, पूर्वज आणि निसर्गातील देवता. बुद्धाच्या पुढे, दुःख आणि दुःखमुक्तीचा मार्ग.

ती म्हणाली, "काका, आमचे बाबा म्हणतात, आई-बापाचं ऐकणं हाच धम्म. मग या कन्फ्युशियसमध्ये आणि आपल्या बुद्धात फरक काय राहिला?"

प्रश्न अभ्यासाचा वाटला. पण तो अभ्यासाचा नव्हता. तिला परजिल्ह्यात नर्सिंगच्या कोर्ससाठी जागा मिळाली होती. वसतिगृहात राहावे लागणार होते. इकडे आत्याने एक स्थळ आणले होते. मुलगा नोकरीला, घर स्वतःचे. रिक्षा चालवून चार माणसांचे पोट भरणाऱ्या बापाला वाटले, पोरीचे भले झाले. तो तिला एवढेच म्हणाला की मोठ्यांच्या शब्दाबाहेर जाऊ नये, धम्मातही तेच सांगितले आहे.

आम्ही त्या वेळी काय उत्तर दिले? आम्ही म्हणालो, "बाळ, मोठ्यांचा मान ठेवावा हे खरेच आहे." ती मान हलवून निघून गेली. आणि आम्हाला आमच्या थोरल्या बहिणीची आठवण झाली. दहावीनंतर तिचे दप्तर माळ्यावर गेले, तेव्हाही घरात हेच वाक्य बोलले गेले होते, आणि आम्ही लहान म्हणून गप्प बसलो होतो. आता तर आम्ही लहान नाही. म्हणून त्या मुलीला जे उत्तर त्या दिवशी द्यायला हवे होते, ते या सदरात सविस्तर मांडत आहोत. ते सगळ्याच घरांच्या उपयोगाचे आहे, असे आम्हाला वाटते.

प्रथम कन्फ्युशियसची बाजू नीट समजून घेऊ. दुसऱ्याचे म्हणणे अर्धवट सांगून आपले मोठे करणे ही बौद्धाची रीत नव्हे.

कन्फ्युशियसचा जन्म इ.स.पूर्व ५५१ चा, चीनमधील लू नावाच्या राज्यातला. म्हणजे आपल्या तथागतांच्या काळाच्या आसपासचाच हा माणूस. त्याने देव, स्वर्ग, मृत्यूनंतरचे जग यांवर फार बोलण्याचे टाळले. त्याचा सगळा विचार माणसाने माणसाशी कसे वागावे याचा. त्याच्या शिकवणीतील पहिली गोष्ट म्हणजे माणुसकी, तिला चिनी भाषेत 'रेन' म्हणतात. दुसरी 'ली', म्हणजे रीतभात, मर्यादा. तिसरी 'श्याओ', म्हणजे आई-वडिलांविषयी आदर आणि त्यांची सेवा. शिकायला आलेल्याला त्याने त्याचे कुळ पाहून परत पाठवले नाही. अगदी मामुली गुरुदक्षिणा घेऊन येणाऱ्यालाही त्याने शिकवले. आपल्याकडे शंबूकाची आणि एकलव्याची गोष्ट ज्यांनी ऐकली आहे, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

आई-वडील चुकत असतील तर मुलाने नम्रपणे त्यांना तसे सांगावे, असेही त्याच्या शिकवणीत आहे. मुकाट्याने मान खाली घालणे म्हणजे आदर, असे त्या माणसाने शिकवले नव्हते.

पुढे त्याच्या परंपरेत पाच नाती सांगितली गेली. राजा आणि अधिकारी, बाप आणि मुलगा, पती आणि पत्नी, थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ, मित्र आणि मित्र. सुरुवातीला या प्रत्येक नात्यात दोन्ही बाजूंना काही ना काही देणे होते. बापाने माया करावी, मुलाने आदर करावा. राजाने न्यायाने वागावे, अधिकाऱ्याने इमानाने.

मग हान घराण्याचे राज्य आले. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात सम्राट वू याने कन्फ्युशियसच्या परंपरेतील ग्रंथांना राजमान्यता दिली. आणि राजाच्या पदरी गेल्यावर कोणत्याही विचाराचे जे होते, तेच झाले. पाच नात्यांतील तीन वेगळी काढली गेली. अधिकाऱ्यावर राजा, मुलावर बाप, पत्नीवर पती. दुहेरी वाहणारे पाणी एकाच दिशेने वाहू लागले. वरच्याने आज्ञा करायची, खालच्याने पाळायची. बाईसाठी तर आणखी एक नियम होता, तीन आज्ञापालनांचा. लहानपणी बापाचे ऐकावे, लग्नानंतर नवऱ्याचे, नवरा गेल्यावर मुलाचे.

हे वाचताना वाचकांना काही आठवले का? आम्हाला आठवले. मनुस्मृतीत बाईला हेच तीन मालक सांगितले आहेत आणि तेही याच क्रमाने. चीन आणि भारत यांच्यामध्ये हिमालयासारखा डोंगर उभा आहे. भाषा वेगळी, लिपी वेगळी, देव वेगळे. पण बाईच्या गळ्यातील दावणीला गाठी मात्र तीनच! २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा बाबासाहेबांनी केवळ एका देशातल्या एका पुस्तकाला विरोध केला नव्हता. माणसाला जन्मभर दुसऱ्याच्या हुकमात ठेवणाऱ्या विचाराला त्यांचा विरोध होता. तो विचार ज्या ज्या भाषेत लिहिला गेला, त्या त्या भाषेत तो आपला विरोधकच आहे.

ताओ परंपरेचेही दोन शब्द सांगतो. तिचा मूळ पुरुष लाओ-त्झू मानला जातो. या परंपरेला फार नियम, फार रीतभात यांचा संशय. पाणी जसे उतार पाहून वाहते, कुणाशी झटापट करत नाही, आणि तरी खडक झिजवते, तसे माणसाने असावे असा तिचा रोख. घरात जिव्हाळा असेल तर कर्तव्याचे ढोल बडवावे लागत नाहीत, ढोल वाजू लागले की समजावे जिव्हाळा आटला, असा तिचा कन्फ्युशियसच्या अनुयायांना टोला होता. टोला बरोबर आहे. पण जिथे जिव्हाळा आटला आहे त्या घरातल्या सुनेने काय करावे, याचे उत्तर त्यात सापडत नाही.

जपानच्या शिंतो परंपरेत निसर्गातील आणि पूर्वजांतील पवित्र शक्तींना 'कामी' म्हणतात. शुद्धता, सण, गावाचे देऊळ हे तिचे मुख्य अंग. तिथे कितीतरी घरांत मूल जन्मले की शिंतो मंदिरात नेतात आणि माणूस गेला की बौद्ध पद्धतीने अंत्यविधी करतात. या लोकांना त्यात विरोध वाटत नाही.

आता तथागतांकडे वळू. तक्त्यात लिहिलेली दुःख आणि दुःखमुक्तीची शिकवण बरोबर आहे. चार आर्यसत्ये, अष्टांगिक मार्ग, सारे काही कारणांतून उपजते आणि कारण दूर केले की कार्यही दूर होते हा प्रतीत्यसमुत्पाद, आणि कायम टिकणारा आत्मा नाही हा विचार, हा धम्माचा पाया. पण तक्त्याच्या एका ओळीत न मावणारी एक गोष्ट आहे. घरात कसे राहावे याचाही उपदेश बुद्धाने केला आहे. तो दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात आहे.

ती हकीकत अशी. राजगृहात भगवान वेळुवनात राहत होते. सकाळी भिक्षेला निघाले असताना त्यांना सिगाल नावाचा एक तरुण दिसला. अंगावरचे कपडे ओले, केस ओले, हात जोडलेले. तो पूर्वेला नमस्कार करी, मग दक्षिणेला, पश्चिमेला, उत्तरेला, मग खाली, मग वर. भगवंतांनी विचारले, हे काय चालले आहे? तो म्हणाला, मरताना वडिलांनी मला दिशांना नमस्कार करत जा असे सांगितले होते. वडिलांच्या शब्दाचा मान राखतो आहे.

वाचकहो, इथे थोडे थांबा. आपल्या मुलीच्या प्रश्नाचे बीज इथे आहे. एक मुलगा, मेलेल्या बापाचा शब्द आणि तो शब्द पाळण्याची धडपड. अर्थ कळलेला नाही, पण थंडीत ओल्या कपड्यांनी तो उभा आहे. 'वडील सांगून गेले' एवढेच त्याला पुरेसे आहे. कन्फ्युशियसच्या देशात याला उत्तम मुलगा म्हटले असते.

भगवंतांनी काय केले? बापाचा शब्द फेकून दे, असे ते म्हणाले नाहीत. आणि बाप म्हणाला म्हणून करत राहा, असेही म्हणाले नाहीत. सहा दिशांना नमस्कार असा करत नाहीत, एवढेच म्हणाले आणि त्या शब्दांना अर्थ दिला. पूर्व म्हणजे आई-वडील. दक्षिण म्हणजे शिक्षक. पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले. उत्तर म्हणजे मित्र. खालची दिशा म्हणजे नोकर आणि कामगार. वरची दिशा म्हणजे श्रमण-ब्राह्मण, म्हणजे त्या काळचे धर्मोपदेशक. आणि प्रत्येक दिशेला त्यांनी दोन याद्या जोडल्या. एक तुझी आणि एक समोरच्याची. हीच या उपदेशाची खरी किल्ली.

मुलाने आई-वडिलांसाठी काय करावे? त्यांनी आपल्याला पोसले, आपण त्यांना पोसावे. त्यांची कामे करावीत. घराण्याची चांगली परंपरा राखावी. वारशाला लायक व्हावे. त्यांच्या मागे त्यांच्या स्मरणार्थ दान द्यावे. ही पाच.

आणि आई-वडिलांनी मुलासाठी काय करावे? वाईटापासून आवरावे. चांगल्याकडे वळवावे. शिल्प, म्हणजे पोटापाण्याची विद्या शिकवावी. योग्य ठिकाणी लग्न करून द्यावे. वेळेवर वारसा हाती द्यावा. हीही पाच.

क्रम बघा. विद्या तिसरी, लग्न चौथे. आपल्या घरात हा क्रम किती वेळा उलटा होतो, हे ज्याने त्याने आठवावे.

हा उपदेश एका मुलाला केलेला आहे, मुलीला नाही, असे कुणी म्हणेल. म्हणू द्या. राणी मल्लिकेला मुलगी झाली तेव्हा कोसलचा राजा पसेनदी खट्टू झाला होता. मुलगीसुद्धा मुलापेक्षा सरस निघू शकते, असे भगवंतांनी त्याला त्याच्या तोंडावर सांगितले. हे संयुक्त निकायात नोंदलेले आहे. मग मुलाला विद्या आणि मुलीला फक्त लग्न, असा अर्थ कुठल्या तोंडाने काढायचा?

कष्टकरी वाचकांसाठी खालच्या दिशेची यादीही सांगितली पाहिजे. मालकाने कामगाराला त्याच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे. जेवण आणि मजुरी द्यावी. आजारपणात काळजी घ्यावी. घरात काही विशेष गोडधोड झाले तर त्यात वाटा द्यावा. वेळेवर सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश आहे. कामगाराच्या बाजूला आहे ते असे: मालकाच्या आधी उठावे, नंतर झोपावे, दिले तेवढेच घ्यावे, काम चोख करावे, मालकाचे नाव चांगले ठेवावे. मालकाच्या आधी उठावे, नंतर झोपावे, हे वाक्य कुणाच्या यादीत आहे तेवढे लक्षात ठेवा. ते पुढे लागणार आहे.

पती-पत्नीची यादी अशी. पतीने पत्नीचा मान राखावा, तिचा अपमान करू नये, परस्त्रीकडे जाऊ नये, घराचा अधिकार तिच्या हाती द्यावा, दागदागिने द्यावेत. पत्नीने घरकामाची नीट व्यवस्था ठेवावी, नात्यागोत्याच्या आणि घरच्या माणसांशी आपुलकीने वागावे, परपुरुषाकडे जाऊ नये, मिळवलेले जपावे, सगळ्या कामांत कुशल आणि तत्पर असावे. यात कुणी कुणाच्या पायाशी बसलेले नाही. बोलायची ती याद्यांची भाषा, हुकमाची नव्हे.

आता हाच उपदेश चीनमध्ये गेला तेव्हा काय झाले ते ऐका. इ.स. १४८ च्या सुमारास पार्थिया देशातून आन शी-काओ नावाचे भिक्षू चीनची राजधानी लोयांग इथे आले. बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत आणणाऱ्या अगदी पहिल्या लोकांपैकी ते एक. सिगालाच्या उपदेशाचे एक जुने चिनी भाषांतर त्यांच्या नावावर आहे. त्यात पतीची यादी बरीचशी मूळ वळणाची आहे. बायकोचा मान राखावा, वेळेवर अन्नवस्त्र द्यावे, दागिने द्यावेत, घरातले सारे तिच्या हाती सोपवावे, बाहेर दुसरी ठेवू नये. पण पत्नीची यादी पाहिली तर आपण चकित होतो. नवरा बाहेरून आला की उठून सामोरे जावे. तो घरी नसेल तेव्हा स्वयंपाक आणि झाडलोट करून त्याची वाट पाहावी. मनात दुसऱ्या पुरुषाचा विचार आणू नये, आणि नवऱ्याने शिव्या दिल्या तर उलट शिव्या देऊ नयेत, तोंडावर रागही दाखवू नये. तो सांगेल तसे वागावे आणि काही लपवू नये. आणि तो निजल्यावर मग आपण निजावे.

नंतर झोपणे हे पालीत कुणाच्या यादीत होते? कामगाराच्या! चिनी यादीत ते बायकोच्या वाट्याला आले. धम्म चीनमध्ये पोहोचला, पण घराचा उंबरा ओलांडताना त्या घरातली जुनी रीत त्याच्या अंगाला चिकटली.

हे दाखवून चिनी माणसाला नावे ठेवायची नाहीत. तिथल्या भिक्षूंवर फार मोठा दबाव होता. डोके भादरणे म्हणजे आई-बापाने दिलेल्या देहाला इजा, लग्न न करणे म्हणजे वंश बुडवणे, असे आरोप त्यांच्यावर होत. धम्म आई-बापाला तोडतो, ही बोंब सतत होती. म्हणून धम्म आई-वडिलांना किती मानतो हे सांगण्यावर तिथे भर आला. महामोग्गल्लान आपल्या मेलेल्या आईला दुःखातून सोडवतात ही कथा तिथे घरोघर पोहोचली. सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला तिचा सण होऊ लागला, तोच जपानमध्ये ओबोन झाला. पण सगळीकडे नमते घेतले, असेही नाही. इ.स. ४०४ मध्ये ह्वे-युआन या भिक्षूने ग्रंथ लिहून ठामपणे मांडले की भिक्षू राजापुढे वाकणार नाही.

आणि आपणही छाती फुगवून घेऊ नये. आपल्या पाली अंगुत्तर निकायातच, उग्गहाच्या लग्न ठरलेल्या मुलींना केलेल्या उपदेशात, आधी उठावे, नंतर झोपावे असे सांगितलेले आहे. त्या काळच्या सासरची सावली आपल्या ग्रंथांवरही पडलेली आहे. ती नाही म्हणणे हा खोटेपणा होईल. मग काय धरायचे आणि काय सोडायचे? त्याची कसोटीही भगवंतांनीच दिली आहे. केसपुत्त गावच्या कालामांना त्यांनी सांगितले की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून एखादी गोष्ट मानू नका. ती आचरल्याने हित होते की अहित, ते स्वतः पारखा आणि मग धरा वा सोडा. घरातल्या रितीलाही हीच कसोटी लावायची.

चीनमध्येच एका मुलीने ही कसोटी लावली. तिची हकीकत आमच्या मनाला फार भिडली. इ.स. ५१६-१७ च्या सुमारास पाओ-छांग नावाच्या भिक्षूने चिनी भिक्खुणींची चरित्रे एकत्र केली. त्यात चौथ्या शतकातील आन लिंग-शौ या भिक्खुणीचे चरित्र आहे. तिचे वडील राजाच्या चाकरीत होते. तिला लहानपणापासून धम्माची ओढ, लग्नाची इच्छा नाही. वडील म्हणाले, तुला लग्न केलेच पाहिजे. तिने विचारले की माझे मन धम्माच्या कामात आहे, मग तीन आज्ञापालने पाळली तरच मी शीलवान बाई ठरते, असे का? वडिलांनी शेवटचा बाण सोडला. तू फक्त स्वतःचे भले बघतेस, आई-बापाचे काय? तिने शांतपणे उत्तर दिले. मी या मार्गाला लागते ती सर्व प्राणिमात्रांना दुःखातून सोडवावे म्हणून, मग माझे दोन आई-वडील त्यातून कसे सुटतील?

वडील गप्प झाले, पण पटले नव्हते. त्या राज्यात फो-थु-तंग नावाचे थोर बौद्ध भिक्षू होते. वडील त्यांच्याकडे सल्ला विचारायला गेले आणि परत येऊन त्यांनी मुलीला संमती दिली. पुढे तिच्या हातून दोनशेहून अधिक जणींनी प्रव्रज्या घेतली असे चरित्रकार लिहितो.

या हकीकतीतील तीन गोष्टी आम्हाला महत्त्वाच्या वाटतात. मुलीने बापाचा अपमान केला नाही, पण शब्दही गिळला नाही. बापाने हात उगारला नाही, विचारायला गेला. आणि ज्याला विचारले त्याने 'मोठ्यांचे ऐक' एवढे म्हणून मुलीला परत पाठवले नाही. या तिसऱ्या गोष्टीपाशी आम्हाला आमचीच लाज वाटली.

तर त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हे. आई-वडिलांचा आदर कन्फ्युशियसनेही सांगितला, बुद्धानेही सांगितला. दोघेही मोठेच. पण आदर म्हणजे केवळ आज्ञा पाळणे, असा त्याचा अर्थ ज्या घरात होतो, तिथे कन्फ्युशियसही हरतो आणि बुद्धही. बुद्धाच्या उपदेशात प्रत्येक दिशेला दोन याद्या आहेत. एक यादी फाडून उरलेली दाखवली, तर तो सिगालोवाद राहत नाही. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी गृहस्थांसाठीच्या विनयाचा भाग घातला आहे. मुलांचा, विद्यार्थ्याचा, पती-पत्नीचा, मालक आणि नोकराचा विनय तिथे आहे. ग्रंथ बहुतेक घरांत आहे. त्याला हळद-कुंकू लावायचे नसते, तो उघडायचा असतो.

पुढच्या रविवारी आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. बाप नुकताच रिक्षा लावून आला होता. चहा झाला. आम्ही उपदेश केला नाही. फक्त पूर्व दिशेच्या दोन्ही याद्या वाचून दाखवल्या. आधी आई-वडिलांची, मग मुलांची. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मुलांची पाच कामं मला लहानपणापासून माहीत हायेत. माझी पाच कोणी सांगितलीच नव्हती."

आई आतून म्हणाली, "मग आता कळली ना?"

तो लगेच तयार झाला, असे झाले नाही. पैशाचा प्रश्न होता, पोर परगावी राहणार ही काळजी होती, बहिणीला काय सांगायचे हा पेच होता. या काळज्या खोट्या नव्हत्या. मुलीनेही त्या हसण्यावारी नेल्या नाहीत. दर रविवारी फोन करीन, शिष्यवृत्तीचा अर्ज भरला आहे, लग्नाला नाही म्हणत नाही पण आधी कोर्स, असे तिने समोर बसून सांगितले. वाद झाला, रडारड झाली, दोन दिवस अबोलाही झाला. शेवटी बापाने आत्याला फोन लावला.

आज ती वसतिगृहात आहे. स्थळ परत गेले. आत्या अजून बोलत नाही, आणि ते दुःख त्या घरात आहे. सगळे गोड झाले असे आम्ही सांगणार नाही. रिक्षावाल्या बापाने आमच्याकडून त्या दहा ओळी कागदावर लिहून मागितल्या. त्याने तो कागद बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावला आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, येत्या रविवारी आपल्या घरी एवढे करा. सगळ्यांनी एकत्र बसून सिगालाच्या सहा दिशा वाचा. बापाने बापाची यादी वाचावी, मुलांनी मुलांची. नवऱ्याने नवऱ्याची, बायकोने बायकोची. ज्याच्या हाताखाली कुणी काम करते, मग तो मुकादम असो की धुण्याभांड्याला बाई ठेवणारी ताई असो, त्याने मालकाची यादी वाचावी. एकच अट पाळा. प्रत्येकाने आपली यादी आधी वाचायची, दुसऱ्याची नंतर.

आमच्या थोरल्या बहिणीलाही आम्ही हे सगळे वाचून दाखवले. तिचे वय आता साठीच्या पुढे. ती म्हणाली, "तेव्हा कुणी वाचलं असतं तर?" आम्हाला उत्तर देता आले नाही. तुमच्या घरातल्या मुलीवर हा प्रश्न विचारण्याची पाळी येऊ नये, यासाठी हा लेखनप्रपंच.

जयभीम!